प्रमाण हात

नोकरी गेल्याची चिठ्ठी हातात पडली त्या दिवशी प्रमोदिनीबाई रणभिसे रडल्या नाहीत. घरी आल्या, पदर खोचला आणि घरातल्या सगळ्या चादरी बदलल्या. संध्याकाळी त्याच चादरी काढून पुन्हा नव्यानं घातल्या, कोपरे दुमडून, एक सुरकुती दिसणार नाही अशा. त्यांचे यजमान याकोबराव दारात उभे राहून बघत होते.

"अगं, आपण दोघंच माणसं," ते म्हणाले. "एवढा वॉर्ड कुणासाठी लावतेस?"

मिरजेच्या संजीवक इस्पितळात बाईंनी सत्तावीस वर्षं काढली होती. आता तिथे रुग्ण आला की त्याच्या छातीवर पोस्टाच्या तिकिटाएवढी एक चकती चिकटवत. कातडीखालच्या पाण्यातून ती साखर, क्षार, औषधाचं प्रमाण असं सगळं दर मिनिटाला वाचायची. नाडी आणि ताप म्हणजे तर तिच्या हातचा मळ. छताच्या रुळांवरून फिरणारे यांत्रिक हात तिच्या सांगण्यावरून सलाइन लावायचे, औषध द्यायचे. पलंग आपणहून रुग्णाला कुशीवर वळवायचा. सेहेचाळीस सिस्टर होत्या, आठ ठेवल्या. त्या आठांत बाई नव्हत्या.

अशा लोकांसाठी सरकारनं कौशल्यांतर भत्ता सुरू केला होता. याकोबराव दोन महिन्यांपूर्वीच तो घ्यायला लागले होते. ते लांब पल्ल्याच्या खासगी बसचे ड्रायव्हर. बस स्वतःच स्वतःला चालवायला लागल्यावर तेही घरी बसले होते. तेव्हा दुसऱ्याच आठवड्यात नवरा-बायको सांगलीच्या भत्ता कार्यालयात गेले. तिथे हर्षाली कोळेकर नावाची तरतरीत मुलगी अधिकारी होती. तिनं बाईंच्या उजव्या मनगटावर राखाडी रंगाचा एक मऊ पट्टा चढवला.

"हे कशाला?" बाईंनी विचारलं.

"चाल मोजायला, मॅडम." हर्षाली रोज वीसदा सांगत असावी, तरी तिनं नीट समजावून सांगितलं. बोट हलवायचं म्हटलं की मेंदूचा हुकूम मनगटापर्यंत विजेच्या बारीक लहरींतून येतो. पट्टा त्या लहरी टिपतो. एकच काम वर्षानुवर्षं केलं की हाताला त्याची चाल लागते, ती लहान मेंदूत जाऊन बसते आणि मग विचार न करताही घडते. शिंप्याची बोटं वेगळी, चांभाराची वेगळी. संशोधकांना असं आढळलं होतं की ज्यांच्या हातातून जुन्या कामाची चाल लवकर पुसली जाते त्यांना नवं काम लवकर मिळतं. सरकारनं त्यावरून नियम केला. पहिले नव्वद दिवस भत्ता बिनशर्त. तेवढ्यात जुनी चाल पन्नास टक्क्यांखाली आली, तर पुढची दोन वर्षं भत्ता चालू. नाही आली, तर तुमची बदलायची तयारी नाही असं धरून बंद.

"म्हणजे विसरायचे पैसे मिळतात?"

"तसं नाही हो, मॅडम." हर्षालीनं जरा विचार केला. "म्हणजे, तसंच आहे."

ती पट्टा घट्ट करत होती तेव्हा बाईंची नजर तिच्या कोपराच्या आतल्या बाजूला गेली. नकळत एक बोटही गेलं. "शीर छान आहे हं तुमची," त्या कौतुकानं म्हणाल्या. "पहिल्या खेपेला मिळेल."

पट्टा थरथरला. हर्षालीच्या पडद्यावर आकडा उमटला: परिचर्या, अठ्ठ्याण्णव टक्के.

त्या दिवसापासून बाईंना स्वतःच्या हाताचाच धाक वाटू लागला. दूध मापताना पेला डोळ्यांसमोर धरला की पट्टा थरथरे. धुतलेला चमचा झटकला की थरथरे, कारण थर्मामीटर झटकायची ती पद्धत होती. रविवारी चर्चमधून बाहेर पडताना पाळकसाहेबांनी हात पुढे केला आणि हस्तांदोलन करता करता बाईंची तीन बोटं सरकून त्यांच्या मनगटावर गेली. "ब्याण्णव," बाई म्हणाल्या. "जिना चढून आलात का?" पट्टा असा थरथरला की पाळकसाहेबांना वाटलं बाईंचा फोन वाजतोय, आणि ते अदबीनं बाजूला झाले.

याकोबरावांचं बरं चाललं होतं. आमटी ढवळताना पळी गिअरसारखी पुढे-मागे जायची तेवढंच. शहाण्णवावरून त्रेसष्टावर आले होते. रोज सकाळी ते आपल्या पट्ट्याचा आकडा फोनवर बघून मोठ्यानं वाचून दाखवत आणि बाईंचा विचारायचं टाळत.

हात नव्या कामाला लावायचा म्हणून बाईंनी बिल्किस शिकलगारच्या केकच्या वर्गात नाव घातलं. बिल्किसनं क्रीमची पिशवी हातात दिली आणि केकवर गुलाब काढायला सांगितलं. बाईंनी पिशवी उभी धरली, टोक वर केलं, बोटानं दोन टिचक्या मारल्या, हवा काढली, एक थेंब बाहेर उडवला, आणि केककडे वाकून म्हणाल्या, "घाबरायचं नाही. मुंगी चावल्यासारखं वाटेल."

वर्गातल्या बारा बायका त्यांच्याकडे बघत राहिल्या. पट्टा थरथरत होता.

"सिस्टर," बिल्किसनं हळूच विचारलं, "केकला नक्की काय झालंय?"

पंधरा दिवसांत बाईंचे केक चांगले होऊ लागले. गुलाब एकसारखे, ओळीत. डब्यावर तारीख, वेळ आणि सही. आकडा मात्र सत्त्याण्णव.

त्यांच्याच इमारतीत तळमजल्यावर उजागरे मेट्रन राहायच्या. वय त्र्याऐंशी, लग्न केलेलं नाही, मिरजेतल्या अर्ध्याअधिक सिस्टर त्यांच्या हाताखालून गेलेल्या. गेल्या वर्षी पडून खुबा मोडला तेव्हापासून त्या पलंगावरच होत्या. नाशिकच्या भाच्यानं त्यांच्यासाठीही एक चकती घेऊन दिली होती. पाठीवर दाब वाढला की चकती बोलून दाखवायची. पण नुसतं बोलून दाखवायची. वळवायला कुणीतरी लागायचं. घरचा पलंग साधा लाकडी. दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर पाठीला जखमा व्हायच्या. सकाळी अंघोळ घालायला एक बाई येई. बाकी वेळ प्रमोदिनीबाई खाली-वर करत.

एकदा त्यांना वळवताना पट्टा थरथरला.

"रणभिसे, तुझं मनगट का गुरगुरतंय?" मेट्रननी विचारलं. बाईंना खोटं बोलता येईना. सत्त्याण्णव टक्के, पन्नास टक्के, नव्वद दिवस, सगळं सांगून झालं. मेट्रन ऐकत होत्या.

"थर्मामीटर बर्फात बुडवला तर ताप उतरतो असं यांना कुणी शिकवलं?" त्या म्हणाल्या. मग एकदम आवाज बदलला. "हात मागे. माझ्यापायी भत्ता बुडवायचा नाही. दुसरं कुणीतरी आण."

"दुसरं कोण आणू, मेट्रन?"

"तुझ्या घरात एक धडधाकट माणूस रिकामा बसलाय ना?"

याकोबराव आले ते रुबाबात. "त्यात काय, मी साठ सीटांची गाडी वळवलीय," ते म्हणाले. "एका म्हातारीला वळवायचं म्हणजे—"

"एका कुणाला?" पलंगावरून आवाज आला.

"मेट्रनना," याकोबराव म्हणाले.

त्यांनी एक हात मेट्रनच्या खांद्यावर ठेवला, एक कमरेवर, मागे वळून भिंत किती लांब आहे ते पाहिलं आणि पुटपुटू लागले. "येऊ दे... येऊ दे... डावी मार... अजून थोडी... बास!"

"मिस्टर रणभिसे," मेट्रन भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "मी घाटात अडकलेली नाही."

प्रमोदिनीबाई दाराशी हात पाठीमागे बांधून उभ्या होत्या. पट्ट्याला आवाज कळत नव्हता, त्यामुळे तोंड चालवायला बंदी नव्हती. "बोटांनी धरू नका, तळवा लावा. आधी त्यांना सांगा, मग हलवा. अहो, ओढू नका! त्यांचा श्वास सुटेल तेव्हा न्या." रोज दिवसातून सहा-सात वेळा हा वर्ग चालायचा. बाई आणि मेट्रन दोघी मिळून शिकवायच्या, आणि याकोबराव बिचारे घामाघूम होऊन चादरीचे कोपरे दुमडायचे. पहिल्या आठवड्यात त्यांनी मेट्रनच्या उशीखाली स्वतःचा चष्मा दुमडून टाकला होता.

पण माणूस शिकत गेला. दीड महिन्यानंतरच्या एका दुपारी कुणी न सांगता ते म्हणाले, "मेट्रन, माकडहाडापाशी कातडी जरा लाल दिसतेय. चकती अजून काही बोलली नाही, पण उशी सरकवू का?"

मेट्रननी नुसती मान हलवली. बत्तीस वर्षांपूर्वी प्रमोदिनीबाईंना अशी मान मिळायला दोन वर्षं लागली होती. बाईंना बरं वाटलं, आणि थोडा हेवाही वाटला. त्या बाहेर जिन्यात येऊन उभ्या राहिल्या. डाव्या मनगटावर स्वतःचीच नाडी बघितली. पट्टा थरथरला. "थरथर मेल्या," त्या पट्ट्याला म्हणाल्या.

चौऱ्याऐंशीव्या दिवशी सकाळी हर्षाली कोळेकर घरी आली. हातात पेढ्यांचा पुडा, बगलेत फाइल. "अभिनंदन!" ती दारातूनच म्हणाली.

बाईंनी घाईनं हात पुसून पुढे केला.

"तुमचं नाही, मॅडम. साहेबांचं." तिनं फाइलमधून जाड कागद काढला. "ड्रायव्हरची चाल अठ्ठावीसवर आलीय. आणि नवीन चाल लागलीय, एक्क्याण्णव टक्के! परिचर्या. जिल्ह्यातला हा पहिला इतका यशस्वी बदल आहे. सोमवारपासून कुपवाडला गृहपरिचारक म्हणून नेमणूक. सकाळी आठ ते रात्री आठ."

याकोबराव कागद उलटसुलट करून बघत राहिले.

"इस्पितळात पुरुष नर्सला ब्रदर म्हणतात," बाई सावकाश म्हणाल्या. "म्हणजे आता मी माझ्या नवऱ्याला ब्रदर म्हणायचं?" हर्षालीला हसू आवरेना, पण बाई हसत नव्हत्या. "ती नोकरी मलाच द्या की. यांना शिकवलं कुणी?"

"नाही देता येत, मॅडम. तुमच्या रकान्यात नर्सेस अतिरिक्त आहेत. टंचाई आहे ती गृहपरिचारकांची."

"दोन्हींत फरक काय?"

"रकाना," हर्षाली खाली मान घालून म्हणाली.

चहा झाला. हर्षाली उठेना. मग तिनं सांगून टाकलं. बाईंचा आकडा खाली का येत नाही, हे तिनं मुद्दाम शोधून काढलं होतं. प्रत्येक कामाची चाल मोजायला कार्यालयाकडे एक प्रमाण हात असतो. वाण्याची वजनं तपासायला सरकारचं प्रमाण वजन असतं ना, तसा. परिचर्येचा प्रमाण हात संजीवक इस्पितळातून आला होता. "दोन वर्षांपूर्वी तिथे सहा आठवडे तुम्हाला पातळ हातमोजे घालायला दिले होते का?"

"दिले होते. तीस जणींना. हात किती धुतो त्याचा अभ्यास आहे म्हणाले."

"तीसही जणींच्या हालचाली टिपल्या होत्या. त्यातला सगळ्यांत नेमका हात निवडला. तो तुमचा आहे."

"म्हणजे मला मोजताय ते माझ्याशीच?" बाईंनी विचारलं.

"हो."

"मग शंभर का नाही? तीन टक्के गेले कुठे?"

"केक असेल," याकोबराव म्हणाले.

बाईंच्या डोक्यात मात्र दुसरंच काहीतरी फिरत होतं. "छतावरचे ते यांत्रिक हात?"

हर्षालीनं कप खाली ठेवला. "त्यांनाही तोच शिकवलाय."

ज्या हातांनी बाईंची नोकरी घेतली ते बाईंचेच होते. खरं म्हणजे चिडायला हवं होतं, पण त्यांच्या तोंडून निघालं ते असं: "तरीच! सलाइनच्या नळीतली हवा काढताना टिचकी कशी बरोबर मारतात. मी घोरपडे सिस्टरला म्हणाले होते, यांना कुणीतरी चांगलं वळण लावलंय."

हर्षालीनं मग फाइलमधून दुसरा कागद काढला. भत्ता घेणाऱ्याचाच हात प्रमाण असेल तर तो बदलून मागायचा हक्क आहे, असं एक पोटकलम तिला सापडलं होतं. नव्यानं प्रमाणित झालेला दुसरा हात द्यायचा. "साहेबांचा चालेल."

"माझा?" याकोबराव दचकले.

"साहेबांना अकरा हालचाली येतात. वळवणं, उशी, चादर, अंग पुसणं वगैरे. तुमच्या हातात तीनशे चाळीस आहेत, मॅडम. साहेबांचा हात प्रमाण धरला की अकरा हालचाली म्हणजे परिचर्या, बाकी तीनशे एकोणतीस 'इतर'मध्ये. तुम्ही एकदम एकोणचाळीसवर याल. भत्ता दोन वर्षं चालू. रोज कुणाची कूस बदललीत तरी पन्नासच्या वर जाणार नाही, मी हिशेब करून बघितलाय."

हा कागद म्हणजे सगळ्याच अडचणींवरचं औषध होतं. सोमवारपासून याकोबराव कुपवाडला गेले की मेट्रनना वळवणार कोण, या काळजीवरसुद्धा. बाईंनी पेन उचललं. टोपण काढलं.

"आणि छतावरचे हात?" त्यांनी विचारलं.

"प्रमाण बदललं की पुढच्या महिन्यात त्यांच्यातही बदलेल. राज्यभर."

"माझा हात?" याकोबराव उभेच राहिले. "सगळ्या इस्पितळांत? अहो, मी कुणाला टोचलेलं नाही आजवर! शीर कुठे असते ते मला माहीत नाही!"

"टोचणं अकरांत नाहीच, साहेब."

"मग टोचणार कोण?"

हर्षालीनं कागद पुन्हा वाचून बघितला. "ते... 'इतर'," ती म्हणाली, आणि स्वतःच गोंधळली. सहा दिवस मुदत होती. कागद ठेवून ती गेली.

दुपारी बाईंनी तो कागद मेट्रनना वाचून दाखवला. मेट्रन इतक्या हसल्या की चकती घाबरून सूचना देऊ लागली. मग डोळे पुसून म्हणाल्या, "मला विचारू नकोस. तू आता माझी विद्यार्थिनी नाहीस. दोन वर्षांचा पैसा आहे, वय झालंय तुझं, सही केलीस तरी मी तुला बोलणार नाही."

बोलल्या असत्या तर सोपं गेलं असतं. बाई घरी आल्या. कागद टेबलावर ठेवून त्यांनी एक केक केला आणि पुसायच्या फडक्यानं टेबल चार वेळा पुसलं. राहून राहून त्यांच्या डोळ्यांसमोर संजीवकचा बारा नंबरचा पलंग येत होता. कुणीतरी अनोळखी माणूस त्यावर पडलेला, वरून येणारा तो हात, नळीवर ती टिचकी. पुढच्या महिन्यात हात टिचकी मारायची थांबणार. नळीत हवेचा बुडबुडा राहील की नाही कुणास ठाऊक, दुसरं काही यंत्र बघतही असेल. पण टिचकी आपल्या सहीनं जाणार होती.

"मी कुपवाडला नाही जात," याकोबराव मध्येच म्हणाले. "मेट्रनना मी बघतो."

"तुम्ही जायचं," बाई म्हणाल्या. "चांगलं शिकलाय. त्या घरच्या माणसाला गरज असेल." एवढं बोलल्यावर स्वतःचं काय करायचं तेही त्यांना कळलं.

दुसऱ्या दिवशी दोघं सांगलीला गेली. बाईंनी सही न केलेला तो कागद हर्षालीच्या टेबलावर ठेवला, मनगटावरचा पट्टा सोडवला आणि त्यावर ठेवला.

"मॅडम, भत्ता बंद होईल."

"होऊ दे. मी खासगी केसेस घेईन. घरी पडलेली माणसं काय कमी आहेत मिरजेत? ज्याला त्याला चकती सांगतेय, वळव म्हणून." त्या उठल्या आणि पुन्हा बसल्या. "हात माझा वापरताय तर वापरा. पण त्याच्याखाली नाव काय आहे?"

हर्षालीनं पडद्यावर शोधलं. "नाव नाही. प्रमाण हात, परिचर्या, क्रमांक सतरा."

"लिहा मग."

नाव लिहायची परवानगी आहे का, हे हर्षालीनं कुणाला विचारलं नाही. तिनं रकाना उघडला आणि बाईंना दिसेल असा पडदा फिरवून एकेक अक्षर टाइप केलं: सिस्टर प्रमोदिनी याकोब रणभिसे, मिरज.

परतीची बस बिनड्रायव्हरची होती. वळण आलं की याकोबरावांचा उजवा पाय समोरच्या पत्र्यावर कचकन दाबला जायचा. तिसऱ्या वळणाला बाई त्यांच्या कानाशी म्हणाल्या, "बरं झालं, ब्रदर, त्यांनी पायाला पट्टा लावला नाही." याकोबराव एवढ्या मोठ्यानं हसले की पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघू लागला.

चार वाजता ती दोघं तळमजल्यावर पोचली. मेट्रनची कूस बदलायची वेळ झाली होती आणि चकती ते सांगतच होती. याकोबराव सवयीनं पुढे झाले, मग थबकले आणि दाराशी जाऊन उभे राहिले, हात पाठीमागे बांधून.

बाईंनी मोकळ्या मनगटाकडे पाहिलं. तिथे पट्ट्याचा फिकट वळ राहिला होता. त्यांनी मेट्रनना सांगितलं, खांद्यापाशी आणि कमरेपाशी तळवा लावला, श्वास सुटायची वाट बघितली आणि वळवलं. पलंग करकरलासुद्धा नाही. मग त्यांनी मेट्रनच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. मेट्रननी डोळे मिटले होते. बाईंच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं.

"रणभिसे," मेट्रन म्हणाल्या.

"काय मेट्रन?"

"हात गार आहेत तुझे. चोळून घे आधी."

बाईंनी डोळे पुसले आणि हात चोळायला घेतले.